सातव्या मजल्यावरची हाळी

चऱ्होलीतल्या आमच्या सोसायटीत राहायला आलो त्याला आता पाच वर्षं होतील. मी मूळचा लातूरकडचा. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या पार्टमधल्या चुका काढायच्या हे माझं काम. घरी गोष्टी लिहितो तेव्हा चुका माझ्या असतात आणि त्या काढायला बायको असते. सेकंड शिफ्ट असली की सकाळ मोकळी मिळते. बायको ऑफिसला आणि मुलगी कॉलेजला गेली की जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसायचं आणि दीडला कंपनीची बस धरायची, असा माझा शिरस्ता.

दोन वर्षांपूर्वी एका लहानशा दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे गोष्ट मागितली. आपणहून कुणी मागितल्याची ती पहिलीच वेळ. गोष्ट डोक्यात तयार होती. एका म्हातारीच्या शेतावर सोसायटी उभी राहिली आहे आणि ती त्याच सोसायटीत सातव्या मजल्यावर राहते. गॅलरीतून खाली बघते. खाली जिथे मुलांचा पोहायचा तलाव आहे, तिथे पूर्वी तिची विहीर होती. चार सकाळींत सहा पानं झाली आणि शेवटच्या वाक्यापाशी मी अडकलो.

‘खाली पाहताना तिच्या मनात अमुक दाटून आली.’

आता हे अमुक काय? खिन्नता लिहिली, तर शोकसभेतलं भाषण वाटलं. हुरहूर लिहिली, तर म्हातारी एकदम सतरा वर्षांची झाली. रुखरुख लिहिली, तर बाई गॅस बंद करायला विसरून आली आहे असं वाटायला लागलं. शेवटी शब्दकोश काढला आणि विषण्णता लिहून मोकळा झालो.

रविवारी सुट्टी होती, संध्याकाळी बायकोने वाचलं. “अहो, हा शब्द तुमच्या म्हातारीला उच्चारता तरी येईल का?”

“तिला तो उच्चारायचा नाही. तिला तसं वाटायचं आहे.”

“उच्चारता येत नाही ते वाटेल कसं?” असं म्हणून ती कुकर लावायला गेली. मी विषण्णता खोडली.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये शेजारच्या सीटवरच्या माणसाला विचारलं. तो नांदेडचा, मेंटेनन्समध्ये आहे. त्याने एक क्षणही घेतला नाही. “भाऊ, टेन्शन लिहा. सगळ्याला कळतंय.”

“टेन्शन दाटून येत नाही राव,” पुढच्या सीटवरचा मान वळवून म्हणाला, “टेन्शन चढतं.”

आळंदी मागे पडेपर्यंत टेन्शन येतं, चढतं की होतं यावर सहा जण बोलत होते. मला काही उपयोग झाला नाही, पण रस्त्यात एवढा जाम असून कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही.

असे दहा-बारा दिवस गेले. संपादकांचा एक फोन येऊन गेला. एका सकाळी वही मिटून मी खाली गेलो, तर बाकावर ए विंगमधल्या मावशी मेथी निवडत बसल्या होत्या. ही जमीन ज्यांची होती त्या घरातल्या त्या थोरल्या सून. वय सत्तरीच्या पुढे असेल. त्यांच्या धाकट्या जाऊबाई समोरच्या विंगमध्ये राहतात. खरं सांगायचं तर माझी गोष्टीतली म्हातारी मी मावशींना बघूनच लिहिली होती. तीन वर्षांत त्यांच्याशी बोललो मात्र होतो ते ‘बरं आहे ना’ एवढंच. त्यांना विचारावं हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

मी शेजारी बसून गोष्ट सांगितली. तुम्हीच त्या, हे तेवढं सांगितलं नाही.

“बरं, मग ती बाई करती काय?” मावशींनी विचारलं.

“गॅलरीतून खाली बघते.”

“आन्?”

“आणि तिला वाईट वाटतं.”

“कशापायी?”

“तिची विहीर गेली ना, मावशी.”

मावशी मेथी निवडायच्या थांबल्या. “तुमी कदी हिरीचं पानी शेंदलंय का?”

“नाही.”

“तरीच! आवो, चाळीस वर्सं म्या शेंदलं. हाताला घट्टं पडल्यालं. मोटर बसली तवा लाइट यायची न्हाई, आन् आली तर भलत्याच टायमाला. आता सातव्या मजल्यावर नळ फिरीवला की पानी. लिफ्टमदी बसून खाली, लिफ्टमदी बसून वर. गुडघं वाचलं माजं. त्या बाईला वाईट का वाटंल? ती खुळी हाय का?”

माझी सहा पानं मेथीच्या काड्यांत पडल्यासारखी झाली. बारा दिवस मी दुःखाला शब्द शोधत होतो आणि दुःखाचा पत्ताच नव्हता. मला हसू आलं. पण उठवत नव्हतं. मी विचारलं, “म्हणजे तुम्हाला शेतातलं काहीच आठवत नाही?”

त्यांनी पुन्हा मेथी हातात घेतली. “आटवतं की. वरडायचं आटवतं.”

“ओरडायचं?”

“आमचं रान मोठं. मी ह्या टोकाला, धाकली पार त्या टोकाला. भाकरी खायला बोलवायचं तर हाळी द्यायची. काय निरोप आसला, हाळी द्यायची. वरडून जीव मोकळा व्हायचा बगा. हितं कुनाला हाळी द्यावी? ती समूर ऱ्हाती आन् मी तिला फोन लावती. हळू बोला, हळू बोला. घसा पार गंजून गेला.”

हाळी. शब्द मी ऐकलेला होता, अगदी लहानपणी, आमच्याकडच्या शिवारात. पण गाव सोडल्यापासून तो एकदाही माझ्या तोंडून गेला नव्हता आणि लिहिताना तर आठवलाच नव्हता. मी म्हणालो, “आता द्याल का एक?”

“हितं? वाचमन यील पळत!” असं म्हणाल्या खऱ्या, पण मेथी पदरात गोळा करून उठल्याच. “चला वर. हाळी बसून देत न्हाईत.”

सातव्या मजल्यावर त्यांच्या सुनेने दार उघडलं आणि मेथी घेतली. आम्ही सरळ गॅलरीत गेलो. मावशींनी पदर खोचला, एक हात कठड्यावर ठेवला, दुसरा तोंडापाशी धरला.

“ए धाकलेऽऽऽ!”

मी दोन पावलं मागे सरकलो. एवढ्याशा देहातून तो आवाज निघाला कसा, देव जाणे. तलावापाशी झाडणारी बाई थांबली. वॉचमनने केबिनमधून डोकं बाहेर काढून वर बघितलं. पाच-सहा खिडक्या उघडल्या. आणि समोरच्या विंगमध्ये पाचव्या मजल्यावर धाकट्या जाऊबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

“काय झालं अक्काऽऽ? कोन गेलं?”

“कोन न्हाई गेलं! आसंच बोलीवलं! च्या प्यायला यीऽऽ!”

“आलेऽऽऽ!”

मावशी माझ्याकडे वळल्या. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, आणि पोट धरून हसत होत्या. त्यांची सून कपाळाला हात लावून आत गेली, पण चहाचं आधण तिनेच ठेवलं. आम्ही चहा प्यायला बसलो तोवर सोसायटीच्या ग्रुपवर ‘कृपया शांतता राखावी’ असा मेसेज आला होता. मावशींनी तो सुनेकडून दोनदा वाचून घेतला.

त्या दिवशी माझी बस जेमतेम मिळाली. पुढच्या तीन सकाळींत मी सहातली चार पानं फाडली. गोष्टीतली बाई आता खाली बघत नव्हती, समोर बघत होती. तिला काय वाटतं हे मी कुठेच लिहिलं नाही. ती गॅलरीत येते आणि समोरच्या इमारतीतल्या जावेला हाळी देते, एवढंच.

संपादकांना गोष्ट आवडली. फोनवर एकच शंका काढली. “हाळीच्या जागी हाक केलं तर? शहरातल्या वाचकांना अडेल.”

“हाक घरातल्या घरात मारतात,” मी म्हणालो. “हाळीला मधे रान लागतं.”

“मग तळटीप देऊ या का?”

तळटीप मला नको होती. त्याऐवजी आधी दोन ओळी घालतो म्हणालो. दोन बायका शेताच्या दोन टोकांना खुरपतायत आणि भाकरीच्या वेळी एक दुसरीला हाळी देते, अशा त्या ओळी. त्या वाचून संपादक म्हणाले, “आता हाळीच राहू दे.”

अंक आला त्या रविवारी मी तो घेऊन मावशींकडे गेलो. जाऊबाईही आल्या होत्या. मी गोष्ट मोठ्याने वाचली. दोघी हनुवटीवर हात ठेवून ऐकत होत्या. गोष्टीतली बाई आपणच हे मावशींनी कधीच ओळखलं असावं. वाचून झाल्यावर त्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या, “झ्याक हाय.”

धाकट्या जाऊबाईंनी मात्र नाक मुरडलं.

“तुम्हाला नाही आवडली?” मी विचारलं.

“गोष्ट चांगली हाय,” त्या म्हणाल्या. “पर त्यात ‘दोन म्हाताऱ्या’ आसं लिवलंय तुमी. ही म्हातारी हाय, कबूल. मी हिच्यापरीस सा वर्सांनी ल्हान हाय. मला बाई लिवा.”

मी खिशातलं पेन काढलं आणि त्यांच्या देखत त्या अंकात ‘दोन म्हाताऱ्या’ खोडून वर लिहिलं, ‘एक म्हातारी आणि एक बाई’. त्यांनी ते मावशींच्या सुनेकडून वाचून खात्री करून घेतली आणि मगच माझ्यापुढे लाडवाची ताटली सरकवली.