फाळ बांधलेला पोहरा

आमच्या गावच्या शेतकी सोसायटीच्या गोदामामागं एक बारव आहे, पायऱ्यांची विहीर. निजामाच्याही आधीची, असं जुने लोक सांगायचे. पाऊसपाणी बरं असलं की तिच्याकडं कुणी ढुंकूनही पाहत नसे. कोनाड्यांत पारवे, दगडांच्या फटींत पिंपळाची रोपटी, तळाला गावाचा कचरा. मी तेवढा पायऱ्यांवर जाऊन बसायचो. दगडांवरची वेलबुट्टी मला पाठ होती आणि त्याचा मला भारी तोरा होता.

दुष्काळात सोसायटीनं कचरा उपसला आणि टँकर लावला. युसूफ वडगाव नावाच्या गावाकडून तो दुपारी यायचा. रांगेत डोकी फुटायला लागली, तेव्हा चेअरमननं शक्कल काढली. टँकर सरळ बारवेत रिता करायचा, ज्यानं त्यानं आपापलं शेंदून घ्यायचं. भांडणं मिटली खरी. मनगटात जोर असलेले काठावर उभे राहिले, बाकीचे त्यांच्या पाठी बघत राहिले. अर्ध्या तासात नुसता गाळ उरायचा.

मी पुढच्यांतला. पोहरा चटकन कलंडावा म्हणून त्याच्या काठाला मी नांगराचा तुटका फाळ बांधला होता. इतरांचे पोहरे पाण्यावर तरंगत राहायचे, माझा पडल्याबरोबर भरायचा. लोक वाखाणायचे आणि मी फुगायचो.

शेजारी भावकीतली एक चुलती राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, एक शेळी तेवढी. एक घागर मिळाली तरी दोघींचं भागलं असतं, पण तिच्या थरथरत्या हातांना दोर ओढवत नसे. तीन दिवस ती रिकामी घागर घेऊन माझ्यासमोरून परत गेली. मला एक पोहरा देता आला असता. दिला नाही.

चौथ्या दिवशी ती घागर घेऊन पायऱ्या उतरली. पाण्यापर्यंत उतरता यावं म्हणूनच तर बांधणाऱ्यानं त्या पायऱ्या बांधल्या होत्या. टँकरची धार थांबली आणि वरून पोहरे सुटले. "म्हातारे, सरक की बाजूला!" कुणीतरी ओरडलं, पण हात कुणाचा थांबला नाही. मलाही ती दिसत होती. सरकेल, म्हणत मी दोर सोडला.

फाळ तिच्या डोळ्यावर बसला. ती मटकन पायरीवर बसली. पोहरा तिच्या पायाशी पाण्यात पडून भरला.

"काकू, लई लागलं का?" मी वरूनच विचारलं.

"लागलं ते ऱ्हाऊ दे. तेवढा पोहरा माज्या घागरीत वतू दे."

मी दोर ओढला. पोहरा वर आला, घरच्या हंड्यात गेला. त्यानंतर आणखी दोन ओढले आणि मगच खाली उतरलो. तोवर गाळ लागला होता.

तिचा डोळा गेला. सोसायटीनं बैठक घेतली आणि पायऱ्यांना लोखंडी दार बसवून कुलूप घातलं. काठावरचे आम्ही होतो तिथंच राहिलो.

आता बारवेवर पाटी लागली आहे. बाहेरगावचे लोक बघायला आले की जाणकार म्हणून मलाच बोलावतात. मी वेलबुट्टी दाखवतो, पारवे दाखवतो. पायऱ्यांना कुलूप कशासाठी, असं कुणीतरी विचारतंच. कुणाला लागू नये म्हणून, असं मी सांगतो.