उणे दहा हजार सातशे पन्नास लाद्या

हिराकाकींनी दहा हजार लाद्या बर्फ मागितला आणि आमचं ॲप ‘हो’ म्हणालं.

मी त्यांच्या शेजारीच उभी होते. स्क्रीनवर हिरवी बरोबरची खूण आली. खाली वाक्य आलं, ‘आपला बर्फ राखून ठेवला आहे. धन्यवाद.’ ते वाक्य मीच लिहिलं होतं.

“शुक्रवारी वाटायला आपल्याकडे बर्फ किती हाय?” काकींनी विचारलं.

“चारशे लाद्या.”

“मंग बाकीचा कुठून येनार? हिमालयातनं?”

मी पिशवीतून लॅपटॉप काढला.

माझं काम बॅकएंड डेव्हलपरचं. म्हणजे ॲपचा जो भाग लोकांना दिसत नाही, तो मी लिहिते. पुण्यात नऊ वर्षं नोकरी केली, मग उमरोळीला सासरी राहायला आले आणि बोईसरला चुरी सरांच्या कंपनीत लागले. कंपनी म्हणजे स्टेशनरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आम्ही पाच जण आणि चुरी सर. सर पूर्वी एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बसवायचे. बोलायला एकदम गोड. पाम गावच्या रस्त्याने पुढे किनाऱ्यावर मच्छीमारांची एक सोसायटी आहे, तिचा बर्फाचा कारखाना आहे. बर्फाची मागणी ॲपवर घ्यायचं काम सरांनी तिथून आणलं होतं.

काम महत्त्वाचं होतं. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली की सगळ्या बोटी एकाच दिवशी समुद्रात निघतात. बर्फाशिवाय निघता येत नाही, कारण मासळी चार-पाच दिवस बोटीच्या खणात बर्फातच ठेवायची असते. म्हणजे सगळ्यांना बर्फ एकाच दिवशी हवा. आणि लादी काही बटण दाबून होत नाही. पत्र्याच्या डब्यात पाणी भरून तो डबा खाऱ्या, गार पाण्याच्या टाकीत सोडतात आणि दिवसभर वाट बघतात. इतकी वर्षं हे वाटप सोसायटीच्या सेक्रेटरी हिराकाकी तामोरे वहीवर करत होत्या आणि दर वर्षी पहिल्या दिवशी कारखान्याच्या दारात भांडण होत होतं. या वर्षी वही बंद, ॲप सुरू. शनिवारी बोटी निघणार होत्या. मंगळवारी सकाळी आठला आम्ही ॲप खुलं केलं. अकरा वाजता काकींनी मला आणि सरांना सोसायटीच्या ऑफिसात बोलावून घेतलं आणि आमच्यासमोर दहा हजार लाद्या मागितल्या.

“काकी, पण तुम्ही असं मुद्दाम का केलंत?” चुरी सरांनी विचारलं. त्यांचा सूर असा होता, जणू काकींनी ॲपला दगडच मारला होता.

“सकाळपासून एकतीस बोटींनी मागितला. तुमच्या मशीननं एकालाबी नाय म्हटलं नाय,” काकी म्हणाल्या. “वीस वर्सं मी बर्फ वाटते. नाय न म्हनता बर्फ वाटून होत नाय. तवा मला शंका आली.”

मी लॅपटॉप उघडला. शिल्लक साठ्याच्या रकान्यात आकडा होता, उणे दहा हजार सातशे पन्नास. काकींचे दहा हजार सोडले, तरी एकतीस बोटींनी मिळून साडेअकराशे लाद्या मागितल्या होत्या आणि आम्ही सगळ्यांना हो म्हणून बसलो होतो.

“उणे लाद्या म्हणजे नक्की काय?” सरांनी हळूच मला विचारलं.

“म्हंजे पानी,” काकींनी परस्पर उत्तर दिलं.

त्यातच दुसरी गोष्ट निघाली. काकींनी ज्या बोटीच्या नावावर मागणी टाकली होती, ती बोट तीन वर्षांपूर्वी मोडीत गेली होती. ही चूक आमची नव्हती. बोटींची यादी सोसायटीनेच दिलेली. पण ते सांगायची हिंमत मला त्या क्षणी झाली नाही.

सर माझ्याकडे वळले. “मॅडम, पण आपल्या टेस्ट तर सगळ्या पास होत्या ना?”

होत्या. खरं दुखणं तेच होतं.

आम्ही कोड लिहितो, तेव्हा त्याच्या प्रत्येक लहान तुकड्याला तपासणारा आणखी एक छोटा कोड लिहितो. त्याला युनिट टेस्ट म्हणतात. तपासणी बरोबर निघाली की टेस्ट हिरवी, चुकली की लाल. मी अशा चौसष्ट टेस्ट लिहिल्या होत्या आणि चौसष्टच्या चौसष्ट हिरव्या होत्या. चुरी सरांना त्या हिरव्या ओळी इतक्या आवडल्या, की त्यांनी त्यांची रंगीत प्रिंट काढून, लॅमिनेट करून सोसायटीच्या ऑफिसात देवाच्या तसबिरीखाली लावली होती. त्यात सतरा नंबरची ओळ अशी होती : ‘साठा कमी असल्यास मागणी नाकारते.’ पुढे हिरवी खूण. मी ती भिंतीवर वाचत उभी होते आणि हातातल्या लॅपटॉपवर उणे दहा हजार दिसत होतं.

“सर, सगळ्यांना मेसेज टाकू का?” मी विचारलं. “तांत्रिक अडचणीमुळे मागणी रद्द...”

“मेसेज नको,” काकी म्हणाल्या. “मेसेजनंच घोळ झाला. आधी ते बंद कर. मंग फोन लाव. मी बसते तुझ्याजवळ.”

मी ॲप बंद केलं. मग मी फोन लावायला बसले. पहिला धनेश तांडेल. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. त्याने साठ लाद्या मागितल्या होत्या.

“दादा, मी ॲपच्या कंपनीतून बोलतेय. तुमची मागणी चुकून...”

“चुकून कशी? मला मेसेज आलाय, राखून ठेवलाय म्हनून. मंग राखा!”

काकींनी माझ्या हातातून फोन घेतला. “धनेश, हिराकाकी बोलते. तुझ्या खणात मावतात किती?”

पलीकडे धनेश नुसता खाकरला.

“पंचवीस,” काकींनीच सांगितलं. “मागितल्यास साठ. बाकीच्या पस्तीस काय डोक्यावर घेऊन जानार?”

“काकी, तो मशीन हो म्हनत होता,” धनेशचा आवाज एकदम मऊ झाला. “मी म्हनलं, हो म्हनतोय तवर घेऊन ठेवू.”

दुपारी तीनपर्यंत आम्ही एकतीस फोन केले. जवळपास सगळ्यांचं हेच. कोणी दुप्पट मागितलेला, कोणी मेव्हण्याचाही स्वतःच्या नावावर मागितलेला. एकाने तर आधी दहा मागितल्या, मग हो आलं म्हणून वीस, मग चाळीस. म्हणजे काकींच्या आधीच त्याने आमच्या ॲपची परीक्षा घेतली होती, फक्त निकाल कळवला नव्हता. काकींना प्रत्येक बोटीचा खण तोंडपाठ होता. फोन संपले तेव्हा साडेअकराशेच्या सहाशे दहा लाद्या झाल्या होत्या.

चारशे आपल्या. दीडशे पालघरच्या एका कारखान्याने द्यायचं कबूल केलं. तो फोन सरांनी केला आणि छान केला, हे मान्य करायला हवं. साठ उरल्या. त्या दोन मोठ्या बोटींच्या होत्या. तोवर नवा बर्फ होईल, म्हणून त्यांनी शनिवारऐवजी रविवारी निघावं, असं ठरत होतं. पण पहिल्या दिवशी मागे राहणं कोणाला आवडत नाही. त्यातले एक मालक थेट ऑफिसात आले.

“चूक कोनाची हाय?” त्यांनी विचारलं.

सर म्हणाले, “तसं बघायला गेलं तर सिस्टीम...”

“माझी,” मी म्हणाले. “सिस्टीमची नाही. मी लिहिलेलं चुकलं आणि मी तपासलेलंही चुकलं.”

ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता ओरडणार. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, “रविवारची भरती कितीला हाय, काकी?” तिथे ते मिटलं. नंतर काकी मला म्हणाल्या, “बाय, त्याला भांडायचा होता. तू समोरून दोर धरलाच नाय, तर एकटा कोनाशी भांडेल?”

चार वाजता मी बोईसरला येऊन कोडसमोर बसले.

आता चूक काय होती, ते सांगते. कोडला साठा विचारायचा असेल, तर तो डेटाबेसकडे, म्हणजे सगळी माहिती साठवलेली असते तिथे, प्रश्न पाठवतो. उत्तर यायला थोडा वेळ लागतो, अगदी डोळ्याची पापणी लवण्याइतका, पण लागतो. उत्तराच्या जागी तोवर कोडच्या हातात एक बंद चिठ्ठी येते. तिला प्रॉमिस म्हणतात. चिठ्ठीत ‘आहे’ किंवा ‘नाही’ येणार असतं. उत्तर येईपर्यंत थांबून ती उघडायची, यासाठी कोडमध्ये एक शब्द लिहावा लागतो, अवेट. मी तो लिहायला विसरले होते. त्यामुळे माझा कोड एवढंच बघत होता, की हातात काही आहे का? चिठ्ठी होतीच. मग हो. धनेशला हो, काकींना हो, मोडीत गेलेल्या बोटीलाही हो.

बरं, चूक माणसाकडून होते. टेस्ट त्यासाठीच असते. मग सतरा नंबरच्या टेस्टने ही पकडायला हवी होती. ती उघडली आणि मी कपाळावर हात मारला. टेस्टमध्येही मी तोच शब्द विसरले होते. शाळेत परीक्षा संपल्याची घंटा व्हावी, सगळे पास म्हणून जाहीर व्हावं आणि त्यानंतर मुलांनी पेपर लिहायला घ्यावा, तसं चाललं होतं. टेस्ट उत्तराची वाट न बघताच संपायची. चूक दिसायच्या आधी हिरवी खूण लागून जायची. आणि त्या टेस्टवर विश्वास ठेवून मी हातानेही कधी जास्तीची मागणी टाकून बघितली नव्हती. पाच लाद्या, दहा लाद्या मागायचे, मिळाल्या की खूश व्हायचे.

मूळ कोडला मी हात लावला नाही. आधी फक्त टेस्टमध्ये तो एक शब्द घातला आणि ती चालवली.

लाल.

मी टाळी वाजवली. सर धावत आले. स्क्रीन बघून त्यांचा चेहराच उतरला.

“मॅडम, लाल झालं म्हणून हसताय?”

“सर, आज पहिल्यांदा खरं बोलली ती.”

“पण सकाळी हिरवी होती! सकाळपेक्षा वाईट झालं ना हे?”

“सकाळी वाईटच होतं. आता ते दिसतंय, एवढंच.”

सरांना ते काही पटलं नाही. ते खुर्ची ओढून शेजारी बसले. मी मूळ कोडमध्ये अवेट घातला, टेस्ट परत चालवली, हिरवी झाली. “हां!” सर म्हणाले आणि उठायला लागले.

“बसा सर. अजून त्रेसष्ट आहेत.”

बुधवारी दिवसभर आम्ही दोघांनी एकेक टेस्ट उघडली. चौसष्टपैकी तेवीस टेस्ट अशा निघाल्या, ज्या काहीच तपासत नव्हत्या. त्या नुसत्या हजेरी लावून घरी जात होत्या. त्यांत तो शब्द घातल्यावर आणखी नऊ लाल झाल्या. एका चुकीमुळे रद्द केलेली मागणी साठ्यात परत येत नव्हती. दुसरीमुळे एकाच बोटीला दोनदा बर्फ मिळू शकत होता. तिसरीमुळे ‘धन्यवाद’ दोनदा जात होतं. ती मी शेवटी दुरुस्त केली. सरांना तोवर खेळ कळला होता. लाल ओळ आली की ते स्वतःच ओरडायचे, “सापडली!” संध्याकाळी ते एकटेच सोसायटीत जाऊन भिंतीवरचं लॅमिनेशन काढून आले. काकींनी विचारलं तेव्हा म्हणाले, “नवीन छापायचंय.” ते अजून छापलेलं नाही.

शुक्रवारी वाटप झालं. मी मुद्दाम कारखान्यावर गेले होते. बर्फ फोडणाऱ्या क्रशरमध्ये लाद्या पडत होत्या, टेम्पो भरून धक्क्याकडे जात होते. पालघरचा बर्फ दोन तास उशिरा आला, तेवढ्यावरून थोडी आरडाओरड झाली. हाणामारी झाली नाही. काकींच्या मते हे गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा घडलं. याचं श्रेय ॲपला द्यायचं की एकतीस फोनना, हे मी विचारलं नाही. शनिवारी बोटी निघाल्या, रविवारी उरलेल्या दोन निघाल्या.

त्या शुक्रवारी कारखान्यावरून निघताना चुरी सरांनी काकींना विचारलं, “काकी, आमच्याकडे टेस्टर म्हणून येता का? खरंच विचारतोय.”

“काय करायचा असतो त्यात?”

“आम्ही जे बनवतो, ते बिघडलेलं शोधून काढायचं.”

“त्यासाठी बोईसरला कशाला येऊ?” काकी म्हणाल्या. “ते तर तुमी इथंच घेऊन येता.”

आता माझा एक नियम आहे. नवीन टेस्ट लिहिली की मूळ कोड मुद्दाम बिघडवायचा आणि टेस्ट लाल होते का ते बघायचं. झाली, तरच ती टेस्ट. नाही झाली, तर ती सजावट. गेल्या आठवड्यात आमच्याकडे नवीन आलेली वैभवी आनंदाने सांगत आली, “मॅडम, माझ्या सगळ्या टेस्ट पहिल्याच फटक्यात पास!”

मी तिला म्हटलं, “अरेरे. बस, बघू काय झालंय.”