खरकट्याची माती

राजापेठेतल्या मोरोपंतांचा व्यवसाय भिक्षुकीचा आणि स्वभाव नसत्या चौकशांचा. सत्तावन्न साली विकास योजनेच्या एका अधिकाऱ्याचं कंपोस्टवरचं भाषण ते चुकून ऐकून आले. चुकून, कारण ते निघाले होते सत्यनारायणाला आणि मंडप तसाच दिसत होता. घरी येऊन त्यांनी परसात खड्डा खणला. देठं, साली, ताटातलं उरलंसुरलं, जे आजवर नालीत जायचं, ते त्यात पडू लागलं. खड्ड्याला वास सुटला, पण पुढच्या श्रावणात त्या खतावर जास्वंदही फुलली.

अक्का, म्हणजे मोठी बहीण मनकर्णाबाई, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. घर त्यांच्याच हातात. त्या फुलाला शिवेनात.

"खरकट्याचं फूल देवाले वाहू? खड्डा बुजव, मोरू. नाही तर मी चालली अकोल्याले, धाकट्याकडे."

अक्का बोलत ते करून दाखवत. मोरोपंतांना त्यांच्याशिवाय घर माहीत नव्हतं आणि खड्डा सोडवत नव्हता. त्यांनी पोथ्या काढल्या. खरकट्याच्या विटाळावर पानंच्या पानं. पण त्याचं खरकटेपण संपतं कधी, यावर ऋषी गप्प. मग त्यांनी स्वतःच निर्णय दिला. गावाला रोज देतच होते.

"अक्का, ओळखू येते तोवर खरकटं. ओळखू नाही आलं, का माती."

"पाहू," अक्का म्हणाल्या.

तेव्हापासून रोज आंघोळीआधी त्या काठीनं खड्डा उकरून भाताचं शीत शोधू लागल्या. शीत सापडेना. वास मात्र गेला. खत वरखाली करावं लागतं, हे भाषणात पुढे सांगितलं होतं. तोवर मोरोपंत आपला मंडप शोधायला उठले होते.

पुढच्या आषाढात काठीला कोय लागली. तिला तांबूस पानं फुटली होती.

"हे तुहंच उष्टं. चोखलेली कोय. चांगली ओळखू येते."

"मंग बुजवू खड्डा?" मोरोपंतांनी हळूच विचारलं.

"थांब. हे मातीत नाही गेलं, झाडात गेलं. याचं काय सांगते तुहं शास्त्र?"

"काहीच नाही."

"आंबे कधी लागतीन याले?"

"पाच-सहा वर्सं तरी."

अक्कांनी रोप अलगद उपटलं आणि कुंपणाजवळ नेलं.

"उष्ट्या कोयीचा आंबा उष्टा लागते का, ते पाहा लागन मंग," त्या म्हणाल्या. "पाणी आण."