ओटीपी मी दिला होता

हे आजवर कुणालाच सांगितलं नाही. ओटीपी मी दिला होता. माझी बायको सुनंदा, तिनं नाही.

बँकेत आम्ही दोघं काउंटरपुढं उभे. पोरीच्या नर्सिंगसाठी साठवलेलं सगळं खात्यातून गेलेलं. काचेपलीकडच्या साहेबानं विचारलं, "ओटीपी कुणी दिला?"

मी खाली बघितलं.

"मी दिला, साहेब," सुनंदा म्हणाली.

साहेब हसला. "स्कॉलरशिपा फुकट घेता ना तुम्ही लोक? मग अक्कल पण कुठं फुकट मिळती का बघा."

मागची लाइन हसली. सुनंदानं पदर सारखा केला. मी गप्प. बारावी शिकलेला, वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर, हाताखालच्या पोरांवर हुकूम सोडणारा मी. गप्प.

घडलं ते असं. रविवारची दुपार. तिचा मोबाइल वाजला. तिचे हात पिठात, म्हणून मी उचलला.

"जय भीम दादा. समाजकल्याणमधून बोलतोय. ताईची स्कॉलरशिप अडकलीय, खातं तपासायचंय."

पोरीचं नाव, कॉलेज, सगळं त्याला ठाऊक. मीही जय भीम म्हणालो. आमच्यात जय भीम म्हणणाऱ्याला कुणी उलटं विचारत नाही. तेवढ्या ओळखीवर आमची माणसं परक्या गावात मुक्कामाला राहतात.

सुनंदा आतून म्हणाली, "अहो, नाव तर विचारा. रविवारी कुठलं ऑफिस उघडं असतं?"

"गप. आपला माणूस हाय. तुला काय कळतं?"

आणि आलेले आकडे मी त्याला वाचून दाखवले.

बँकेबाहेर मी विचारलं, "तू का अंगावर घेतलंस?"

"तुमचा चेहरा बघवंना," ती म्हणाली. "कंपनीत तोंड दाखवायचंय तुम्हाला."

बँकेतलं ते बोलणं वस्तीत पसरलं. विहारातल्या बायकांच्या बचत गटाची ती अध्यक्ष. बायका घरी आल्या, गटाचा शिक्का मागून नेला. "सुनंदाबाई, राग नका धरू. पण जिला घरचं राखता येईना..." मी दारातच होतो. सगळं ऐकलं. चप्पल घातली अन् शिफ्टला निघून गेलो.

त्या साहेबाला मनात लई शिव्या दिल्या. अक्कल काढली म्हणून. पण त्याच्या आधी तिची अक्कल कुणी काढली? मी.

गेल्या आठवड्यात परत फोन. "जय भीम दादा, सायबरमधून बोलतोय. गेलेला पैसा परत मिळतोय. फक्त आलेला नंबर सांगा."

"नाव काय तुमचं? ऑफिस कुठलं? उद्या मी स्वतः येतो."

"आपल्या माणसावर विश्वास नाय व्हय?"

"बाबासाहेबांचं नाव घेऊन लुटतो तो माझा माणूस नाय."

त्यानं फोन कापला. त्याचा नंबर मी पोलिसात दिला. सुनंदा समोरच बसली होती. उठून आत गेली.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की मी उभा राहणार. पोरीपुढं, त्या बायकांपुढं. फोनवर कुणी जय भीम म्हणो की रामराम, आकडे सांगायचे नाहीत. फोन ठेवायचा, ऑफिसात जाऊन विचारायचं. हे त्या दिवशी एकट्या सुनंदाला कळत होतं, आणि तिला गप्प मी केलं. एवढं बोलणार. मग कुणी काही म्हणो.

पैसा चोरानं नेला. तिची इज्जत मी नेली. ती अजून परत केलेली नाही.