दोनदा उलटलेला बोर्ड

आईच्या अँजिओप्लास्टीची तारीख ठरली आणि त्याच आठवड्यात सीमेवर पुन्हा तापलं. दोन्हीकडच्या बसगाड्या बंद झाल्या. बेळगावात एमएच पासिंगच्या गाड्यांना काळं फासत होते, कागलकडं केए पासिंगच्या. आईचे डॉक्टर कोल्हापुरात, भाऊही तिथंच, आणि आई माझ्याकडं बेळगावच्या शहापुरात. तारीख पुढं ढकलता येईल का, असं विचारायला फोन केला. “ढकला, पण मग जबाबदारी तुमची,” असं उत्तर आलं. ढकलली नाही.

मला भीती वाटली की मी यादी करते. रिपोर्ट, गोळ्या, जिभेखालची गोळी वेगळ्या डबीत, पाणी, शाल. शेवटची ओळ गाडीची. भावाशी ठरवलं, की मी माझी केए गाडी सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडं थांबवायची आणि त्यानं त्याची एमएच गाडी पलीकडं. मधलं अंतर आईनं माझा हात धरून चालायचं. कुणाचीच गाडी चुकीच्या राज्यात जाणार नव्हती. यादीत या ओळीवर मी बरोबरची खूणही केली.

संकेश्वर मागं पडलं तसं आईचं बोलणं थांबलं. मी आरशात बघितलं.

“दुखतंय काय गं?”

“न्हाय. जरा दम लागतोय. तू पुढं बघ.”

बसल्या जागी दम लागत होता. ही नाक्यावर चालणार कशी? निपाणी गेली, नाका आला. ट्रकांची रांग, काठ्या घेतलेले पोलीस. मी गाडी हळू केली, पण थांबवली नाही. एका पोलिसानं वाकून मागच्या सीटवरचा आईचा चेहरा बघितला आणि हातानं पुढं जायची खूण केली. “होग्री, लगू होग्री.” मी लवकर गेले.

पलीकडं भावाची गाडी नव्हती. रस्त्याच्या कडेला थांबून पर्समधून फोन काढला, तर त्याचे कितीतरी मिस्ड कॉल.

“आक्का, कुठं हाईस? मी निपाणीत येऊन थांबलोय!”

“निपाणीत कशाला गेलास?”

“आईला चालवायचं कशाला म्हटलं. म्हणून मीच पुढं आलो. तू कुठं?”

मी कुठं ते सांगितलं. आता त्याची एमएच गाडी कर्नाटकात होती आणि माझी केए गाडी महाराष्ट्रात.

मागून विचित्र आवाज आला. मी घाबरून डबी शोधायला लागले. पण आई हसत होती, छातीवर हात ठेवून.

“तुझा बाप आणि मी,” ती म्हणाली. “तो बोर्ड.”

आप्पांचं टेलरिंगचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. दुकानाचा पत्र्याचा बोर्ड दोन हुकांवर टांगलेला, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. गडबड असली की कुठला जमाव येतोय ते बघून आप्पा बोर्ड उलटायचे. एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी आरडाओरडा ऐकू आला. आप्पांनी बोर्ड उलटला आणि शिलाई मशीन आत ओढायला धावले. तेवढ्यात परसात धुणं धुणारी आई बोळातून पुढं आली. नवऱ्याच्या लक्षात नसेल, असं समजून तिनंही न बघताच बोर्ड उलटला.

जमाव दारात आला तेव्हा दोघांनाही कळलं, की बोर्ड पुन्हा चुकीच्या बाजूवर आलाय. आईच्या खांद्यावर नुकतीच धुतलेली गोधडी होती. ती तिनं बोर्डावर टाकली.

“बोर्ड कुठाय?” पुढच्यानं विचारलं. त्याच्या हातात दगड होता.

“वाळत घातलाय,” आई म्हणाली.

मग मागून एक आवाज आला. “मावशी, माझा शर्ट झाला काय?”

“उद्या ये. आणि येताना मोकळ्या हातानं ये.”

कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले आणि जमाव पुढं गेला. कुठल्या बाजूचा होता ते मी मुद्दामच लिहीत नाही. दोन्ही बाजूंचे शर्ट आप्पाच शिवायचे.

घरात हा किस्सा पाहुण्यांना सांगायचा झाला. खाटेखालची गोष्ट मात्र त्यात कधी नसायची. तिथं आम्ही दोघं भावंडं होतो. मी ओरडू नये म्हणून धाकट्यानं माझं तोंड दाबलं होतं, आणि स्वतः ओरडू नये म्हणून माझाच हात चावला होता.

भावाला मागून यायला सांगून मी तशीच पुढं निघाले. कागलच्या अलीकडं पोरांनी गाडी अडवलीच. एकाच्या हातात डबा आणि ब्रश. त्यानं माझ्या काचेवर टकटक केली. माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. आईनं मागची काच खाली केली.

“मी उतरणार न्हाय, बाळा. छातीत ब्लॉक हाय. काय फासायचं ते लौकर फास.”

पोरगं गोंधळलं. मागून कुणीतरी म्हणालं, “सोड रं, आज्जी हाय.”

“सोडून कसं चालंल? पुढच्या चौकात दुसरी पोरं हाईत. काळं लावूनच पाठवूया, मग कोण अडवणार न्हाय.”

त्यांनी दोन्ही नंबरप्लेटा नीट, कडेपर्यंत काळ्या केल्या. बंपरवर ओघळ आला तो एकानं स्वतःच्या रुमालानं पुसला. मी थँक्यू म्हणाले. पुढच्या चौकातल्या पोरांनी प्लेट बघितली आणि बाजूला झाली. तरी दवाखान्याचं फाटक येईपर्यंत मी दर मिनिटाला आरशात बघत होते, आईचा शालीतला हात हलतोय का ते.

भाऊ मागाहून आला. त्याच्याही प्लेटा काळ्या होत्या, नाक्याच्या त्या बाजूच्या पोरांनी केलेल्या. दोन्ही गाड्या शेजारी लावल्या तेव्हा वॉचमन म्हणाला, “एकाच घरच्या काय हो?”

आईला स्ट्रेचरवर घेतलं. दाराशी तिनं स्ट्रेचर थांबवायला लावलं आणि आमच्याकडं बघितलं.

“आता तरी दोघं एकाच जागी थांबा.”

दार बंद झालं. आम्ही समोरच्या बाकावर बसलो. चहालाही कुणी उठलं नाही. भावानं माझा हात घट्ट धरला होता, लहानपणी चावला होता तोच. यादीतलं सगळं संपलं होतं, आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

बऱ्याच वेळानं सिस्टर बाहेर आल्या. आम्ही एकदमच उठलो.

“झालं व्यवस्थित,” त्या म्हणाल्या. “आज्जी विचारायल्यात, पोरं एकाच जागी हाईत काय?”