घरी झालेला उशीर

आमची सिंधूताई कळमेश्वरच्या पलीकडच्या गावातली आशा कार्यकर्ती. तोंडाची अशी फटकळ की तिला येताना पाहून सासवा आत पळायच्या. कुणा गरवारशीचे पाय सुजलेले दिसले की ही दारातच सुरू व्हायची, "तुमच्या वक्ताले काय होत होतं ते मले नका सांगू. पोरीले आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या." सतरा वर्षांत तिच्या गावात एकही बाळंतीण दगावली नव्हती. उपकेंद्राची सिस्टर मी, पण खरं सांगते, ते श्रेय तिचंच.

तिची लेक काजल कामठीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत, म्हणून सातव्या महिन्यात आली. तपासणीचं कार्ड मात्र सासरी कपाटातच राहिलं. "जावई रविवारी डोहाळजेवणाले येतीन, तेव्हा आणतीन," सिंधूताई म्हणाली. मीही बरं म्हटलं. त्याची लाज मला अजून वाटते.

काजलचे पाय सुजले होते. गुरुवारी ती म्हणाली, "आई, डोकं लय दुखून राहिलं वं." दुसऱ्याची लेक असती तर सिंधूताईनं तिला हाताला धरून माझ्याकडे आणलं असतं. स्वतःच्या लेकीच्या डोक्यावर तिनं तेल थापलं. प्रवासानं शिणली असेल, रविवारचं उरकलं की सोमवारी दाखवू, असं ठरवलं आणि हिरवी साडी फॉल लावायला देऊन आली.

रविवारी सकाळी काजलला झटके आले. नागपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती शुद्धीवर आलीच नाही. बाळ वाचलं, काजल गेली. जावयाच्या खिशात ते कार्ड होतं. त्यावर लाल शाईनं वाढलेला रक्तदाब लिहिला होता आणि खाली, 'आठ दिवसांत पुन्हा दाखवा.'

बाळंतीण दगावली की चौकशीचा फॉर्म भरावा लागतो. गावची आशा सांगते, मी लिहिते. तेराव्यानंतर आम्ही दोघी समोरासमोर बसलो. उशीर कुठे झाला, असा त्यात प्रश्न आहे. घरी, रस्त्यात की दवाखान्यात.

"रस्त्यात लिहिते," मी म्हटलं. "रेल्वेचं फाटक बंद होतं ना."

"खोटं काहून लिव्हता, सिस्टर?" तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि 'घरी' या शब्दापुढे खूण केली.

"गावातल्या साऱ्या पोरींले पाहाले मी गेली," ती म्हणाली. "माह्या पोरीले पाहाले आशा आलीच नाही."