माझंच नाव, माझ्या लेकीला

माझ्या लग्नात माझं नाव बदललं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं, आणि माझ्या लेकीचं नाव ठेवायची वेळ आली तेव्हा मात्र मी सगळ्यांना विचारावं अशी अपेक्षा होती. या गोष्टीचा मला अजून इतका राग आहे की सांगताना आवाज चढतो. ऐकणारा म्हणतो, हळू बोल, पोरगी झोपली आहे. मी हळू बोलत नाही.

माझं माहेर पांढुर्ण्याचं. वडील शिक्षक होते, मीही त्याच गावात शाळेत शिकवते. सासर सौंसरचं, गावाबाहेर रामाकोन्याच्या बाजूला. संत्र्याची बाग, थोडी कपाशी, अंगणात ट्रॅक्टर आणि दारात येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा, असं घर. लग्न ठरताना सगळं बोलणं झालं, अगदी वरातीतल्या पाहुण्यांना भाजी कोणती वाढायची इथपर्यंत. नावाचं कोणी तोंडातून काढलं नाही. मीही नाही, कारण ते बोलायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

माप ओलांडून आत गेले. पाटावर बसवलं, पुढ्यात तांदळाचं ताट ठेवलं आणि नवऱ्याच्या हातात सोन्याची अंगठी दिली. त्याने अंगठीने तांदळात नाव लिहिलं. भोवती बायका वाकून बघत होत्या. मला वाटलं, माझंच लिहील. वाचलं तर ते दुसऱ्याच कोणाचं तरी होतं. पंडितजींनी नवऱ्याच्या नावाशी जुळणारं अक्षर काढून दिलं होतं आणि घरातल्या मोठ्यांनी त्यावरून नाव पसंत केलं होतं. हे सगळं आधीच ठरलेलं होतं, त्यालाही ठाऊक होतं. मी तोंड उघडलं तसा सासूबाईंनी त्यात पेढा भरला. टाळ्या वाजल्या. पेढा मोठा होता, तो संपेपर्यंत मी नव्या नावाची झाले होते.

नाव वाईट नव्हतं. कोणी आपल्या पसंतीने आणलेली साडी असते तसं होतं. चांगलीच असते, फक्त आपण ती घेतली नसती.

मग दोन नावं सुरू झाली. आधारवर, बँकेत, शाळेत जुनं. घरात, शेजारात, नात्यात नवं. सकाळी सौंसरहून पांढुर्ण्याची बस धरायची आणि उतरल्यावर पुन्हा पहिली व्हायचं. लोक म्हणायचे, त्यात काय एवढं, कितीतरी जणींचं असंच असतं. एकदा सासरेबुवांना बरं नव्हतं म्हणून घरून शाळेच्या फोनवर निरोप आला. घाबरलेल्या माणसाने घरातलं नाव सांगितलं. आमच्या शिपायाने नम्रपणे उत्तर दिलं, की या नावाच्या मॅडम इथे नाहीत. संध्याकाळी घरी गेले तर बोलणी कोणाला? मला. ‘तुह्या शाळेत तुह्यं नावही कोणाले माहीत नाई का वं?’ असं सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मी भाकऱ्या थापत बसले.

म्हणून पोटात लेकरू आहे हे कळलं त्या दिवशीच मी मनाशी ठरवून टाकलं, की मुलगी झाली तर तिला माझं नाव द्यायचं. माझं खरं नाव. मला त्या घरात ते एकदा तरी कोणीतरी मोठ्याने उच्चारलेलं ऐकायचं होतं. दुसरं कारण नव्हतं, आणि हे कारण मला पुरेसं वाटलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, पांढुर्ण्याला. मुलगी झाली. नर्सने तिला गुंडाळून शेजारी ठेवलं, नवरा वाकून बघत होता, चांगल्या मूडमध्ये होता. मी म्हटलं, ‘हिला माझं नाव ठेवायचं.’

तो म्हणाला, ‘कोणतं?’

टाके नसते तर उठून बसले असते. ‘जन्माचं,’ मी म्हटलं.

‘बरं,’ तो म्हणाला. त्याचं ते ‘बरं’ मी खरं धरलं.

दुसऱ्याच दिवशी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नावांची रांग लागली. बाळाची रास, नक्षत्र, अक्षर सगळं येऊन पडलं होतं. नणंदबाईंनी इंटरनेटवरून काढलेली नावं टाकली. सगळी एकाच मुशीतली, सगळ्यांचे अर्थ संस्कृतात. लोक अंगठे दाखवत होते, एका चुलतसासऱ्यांनी हात जोडले. नवऱ्यानेही एका नावाला अंगठा दाखवला. मी त्याला फोन केला. म्हणाला, ‘अगं, चुकून लागला.’ चुकून लागलेला अंगठा काढता येतो. त्याने तो काढला नाही.

मी ग्रुपवर लिहिलं, मुलीचं नाव ठरलं आहे, माझं पहिलं नाव. त्यानंतर ग्रुप असा गप्प झाला की मला वाटलं आमच्याकडचं नेटवर्क गेलं.

मग फोन सुरू झाले. पहिला सासरेबुवांचा. ते मला कधी टाकून बोललेले नाहीत, तेव्हाही बोलले नाहीत. ‘बाई, जित्या माणसाचं नाव लेकराले देत नसतेत. दोघातल्या एकाचं आयुष्य तुटते.’

मी म्हटलं, ‘मामाजी, त्या नावाची बाई जिती कुठे आहे? तुमच्या घरी तिले कोणी पाह्यलं?’

मग त्यांनी फोन सासूबाईंच्या हातात दिला. त्या म्हणाल्या, ‘तुले बाळंतपणाचा वात झाला वाटते. आराम कर.’ आणि ठेवून दिला.

नणंदबाई मोहगावला दिलेल्या. माझ्यापेक्षा मोठ्या, तोंडाने फटकळ. त्यांच्या वाट्यालाही तांदळाचं ताट आलंच होतं. मला वाटलं, निदान यांना तरी कळेल. मी स्वतःहून फोन केला. ‘ताई, तुमचंही नाव बदललं ना, तुम्हाला काय वाटलं होतं?’

‘माह्यं नाई बदललं का नाव? मेली का मी त्याच्यानं?’ त्या म्हणाल्या. ‘हे पाहा वहिनी, आत्या मी आहो. पाळण्यात नाव मी ठेवीन. तुम्ही उगाच घरात काडी टाकून राहिल्या.’

हे सासरचं झालं. माहेरची माणसं माझ्या बाजूने असतील असं कोणालाही वाटेल. आई मेथीचे लाडू वळत होती. म्हणाली, ‘आम्ही आजही तुले त्याच नावानं हाक मारतो न? मंग गेलं कुठं तुह्यं नाव? काहून भांडून राहिली?’ मी म्हटलं, ‘आई, मी राहते तिकडे.’ तिने लाडू माझ्या हातात दिला. आमच्याकडे बाईने काही बोलायला तोंड उघडलं की त्यात गोड भरायची पद्धत आहे.

शाळेतली मैत्रीण बाळाला बघायला आली. चांगली शिकलेली, स्वतःचं नाव, आडनाव काहीच न बदललेली. ती आधी हसली. मग म्हणाली, ‘घोटाळा होईल गं. हाक मारली की दोघी येणार.’ आणि जाता जाता, ‘तुला कोणी विचारलं नाही म्हणून चिडतेस. तू तरी तिला कुठे विचारून राहिलीस?’ सगळ्यांत जास्त राग मला या वाक्याचा आला, कारण त्याला लगेच उत्तर सुचलं नाही. सुचलं ते ती गेल्यावर. मी तिला नाव देत होते. माझ्याकडून ते काढून घेतलं होतं. पण ही गोष्ट ज्याला समजावून सांगावी लागते त्याला समजावण्यात अर्थ नसतो, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

बारशाला सासरची मंडळी जीप भरून आली. पाळणा त्यांनीच आणला, झेंडूच्या माळा लावलेला. बाळाला कानटोपरं, चांदीचे वाळे. घुगऱ्या शिजल्या होत्या, बायका जमल्या होत्या, उन्हं तापायला लागली होती. मी नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, ‘काय ठरलं?’ तो म्हणाला, ‘आज नको ना. पाहुणे आहेत.’ म्हणजे ठरलं होतं.

बाळाला पाळण्याखालून, पाळण्यावरून घेतलं, पाळण्यात निजवलं. आमच्याकडे आत्या वाकून बाळाच्या कानात नाव सांगते आणि त्या वेळी बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के मारतात. हसत हसत मारतात, पण लागतात. नणंदबाई वाकल्या, पाठीत बुक्के बसले, त्यांनी कानात नाव सांगितलं आणि सरळ होऊन मोठ्याने जाहीर केलं. ग्रुपवरचंच एक. नवऱ्याने अंगठा दाखवलेलं.

बायकांनी पाळण्याचं गाणं सुरू केलं. मी पाटावरून उठले. लोकांना वाटलं बाळाला घ्यायला उठले, बाळंतीण आहे, पान्हा फुटला असेल. मी पाळणा थांबवला, वाकले आणि बाळाच्या दुसऱ्या कानात माझं नाव सांगितलं. मग सरळ होऊन तेच नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

गाणं मधेच बंद पडलं. माझ्या पाठीत कोणी बुक्का मारला नाही. मला तो हवा होता. एका तरी बाईने उठून मारावा असं वाटत होतं. त्या सगळ्या जणी आपापल्या नव्या नावांनी तिथे बसल्या होत्या, आणि पदर सारखे करत होत्या.

‘हे काय तमाशे होय?’ सासूबाई माझ्या आईला म्हणाल्या. मला नाही, आईला. सासरेबुवा जेवायला थांबले नाहीत, बागेत काम आहे म्हणाले. जीप गेली. नवरा जीपमधून गेला.

चार-सहा दिवसांनी तो एकटा आला. मी जन्मदाखल्यात नाव टाकायला निघाले तर त्याने गाडी काढली. आमच्याकडे सरकारी कामकाज हिंदीत चालतं. नगरपालिकेतल्या बाबूने संगणकाकडे बघत मुलीचं नाव विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, ‘मैडम, ये तो आपका हुआ. बच्ची का बताइए.’ मी म्हटलं, ‘वही.’ त्याने मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. ‘सर, आप बताइए.’

नवरा काचेवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘ये जो बोल रही हैं, वही लिखिए.’

मी त्याचे आभार मानले नाहीत. हेच वाक्य बारशाच्या दिवशी माझ्या अंगणात बोलायला त्याला कोणी अडवलं होतं? परक्या बाबूसमोर नवरे फार लवकर शहाणे होतात.

बाळाला घेऊन सासरी परतले तेव्हा भांडण कोणी केलं नाही. नुसतं तिला नावाने बोलवायचं नाही, एवढं सगळ्यांनी न बोलता धरलं होतं. ती ‘पोट्टी’ होती, ‘माय’ होती, ‘चिमणी’ होती. नणंदबाई यायच्या तेव्हा त्यांनी ठेवलेलं नाव घेऊन दोन-चार हाका मारायच्या. पोर त्यांच्याकडे वळून बघायचीसुद्धा नाही, याचं मला फार समाधान वाटायचं. मी तिच्याशी बोलताना प्रत्येक वाक्यात नाव घ्यायचे. आपलंच नाव आपणच दिवसभर घेत राहणं किती विचित्र असतं ते सांगता येत नाही. पण घेत राहिले.

ती रांगायला लागली त्या सुमारास आंबिया बहाराची तोड सुरू झाली. अंगणात संत्र्यांचे ढीग, मजूर माल निवडून कॅरेट भरत होते, एकावर एक रचत होते. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. सासूबाई ओसरीवर पोरीला घेऊन बसल्या होत्या. त्यांची नजर जरा हलली असेल, पोर रांगत त्या रचलेल्या कॅरेटच्या तळाशी गेली आणि धरून उभी राहायला लागली.

सासूबाई ओरडल्या. माझ्या नावाने ओरडल्या. पूर्ण, स्वच्छ, गल्लीत ऐकू जाईल असं.

मी ‘जी!’ म्हणून तशीच धावत बाहेर आले, हाताला कणीक. इतक्या वर्षांत त्या घरातून मला त्या नावाची पहिली हाक आली होती.

‘तुले नाई वं,’ सासूबाई पोरीला उचलत म्हणाल्या. ‘इले.’

त्यांनी तिला कडेवर घेतलं, छातीशी धरलं, तिच्या तोंडावरची माती पदराने पुसली. घाबरल्या होत्या बिचाऱ्या. आणि मग जीव भांड्यात पडल्यावर माणूस बोलत राहतं तशा त्या बोलत राहिल्या, दर वेळी ते नाव घेऊन. लाडाने लांबवून, तोडून, मागे ‘बाई’ लावून, ‘राणी’ लावून. त्या नावाचं इतकं कौतुक माझ्या आईनेही कधी केलं नसेल. मी दारात उभी राहून ऐकत होते. घेता येत होतं त्यांना ते नाव. माप ओलांडून आले त्या दिवसापासून येत होतं.

मग माझ्याकडे लक्ष जाऊन त्यांनी मला हाक मारली, तांदळातल्या नावाने. मजुरांच्या चहाचं बघ म्हणाल्या. मी हलले नाही. त्यांनी पुन्हा तेच नाव घेतलं, जरा जोरात. पोर त्यांच्या कडेवरून माझ्याकडे बघत होती. मी ओ दिली नाही.